गुणिले दोन हजार

मीटरबाईला राग तसा लवकर येत नसे. पण एकदा आला की दोन-दोन दिवस मुक्कामाला राहायचा, आणि तेवढे दिवस घरातलं कुणी भांड्यावर भांडंसुद्धा आपटायचं नाही. त्या मंगळवारी तो आला एका कागदापायी.

दुपारी दोनला पाळी सुटली, तशी ती रिफायनरीच्या फाटकातून बाहेर पडून नेहमीसारखी रस्ता ओलांडून टॅक्सी स्टँडवर गेली. तिच्या लेकीची टॅक्सी यावेळी तिथे चार्जिंगला लावलेली असायची. विजेवर चालणारी गाडी, पांढरी, मागच्या दाराला एक पोचा. स्टँडच्या कडेला चार्जिंगचे चार खांब होते आणि विजेच्या अकरा टॅक्स्या आळीपाळीने त्यांच्यावर जगत होत्या. त्यातल्या पहिल्याच खांबावर तो कागद चिकटवला होता. लेक हाताची घडी घालून गाडीला टेकली होती आणि कागदाकडे मुळीच बघत नव्हती, म्हणजे तिने तो चार-पाच वेळा तरी वाचला असणार.

मीटरबाईने चष्मा चढवला. शहरात हल्ली वरचेवर दिवे जातात त्याला हे खांब कारणीभूत आहेत, विजेच्या गाड्या शहराची वीज खातात, पेट्रोलच्या गाडीला मात्र विजेचा कणही लागत नाही, सबब खांब ताबडतोब काढून टाकावेत. गुरुवारी चार वाजता नगरपालिकेत सुनावणी. खाली टॅक्सी संघटनेच्या सेक्रेटरीची सही, आणि शेजारी पाठिंबा म्हणून रिफायनरीच्या मोठ्या साहेबांची.

सेक्रेटरी म्हणजे मीटरबाईचा सख्खा धाकटा भाऊ. लेकीचा मामा.

"मामाने लावलाय हा?"

"मग काय. सकाळी स्वतः डिंक घेऊन आला होता," लेक म्हणाली. "वर मला म्हणतो, पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. आई, आपण चौथ्या मजल्यावर राहतो. खाली गाडी उभी करायला जागा नाही. घरातून वायर सोडू की काय खिडकीतून? हे खांब गेले की माझी गाडी म्हणजे चार चाकांचं कपाट."

पोरगी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, असं मीटरबाईला वाटलं. दुकानातली दिवसभर उभं राहायची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी तिने ही टॅक्सी धरली होती, आणि तेव्हापासून पहिल्यांदाच ती जेवताना स्वतःहून काहीबाही सांगायला लागली होती. आज कुणाला स्टेशनवर सोडलं, कोणती म्हातारी गाडीत छत्री विसरली. ते सगळं आता या चतकोर कागदावर येऊन थांबलं होतं.

तरी खरं सांगायचं तर मीटरबाईच्या डोक्यात तिडीक गेली ती दुसऱ्याच शब्दांनी. विजेचा कणही लागत नाही! अरे वा रे वा! मग गेली बावीस वर्षं ती रिफायनरीत काय माशा मारत होती?

तिचं काम काय, ते सांगायला हवं. रिफायनरीच्या कुंपणाच्या भिंतीतच एक मीटरची खोली होती. बाहेरून येणारी सगळी वीज त्या खोलीतल्या एका मीटरमधून आत जायची. दर तासाला मीटरबाई मीटरसमोर उभी राहायची आणि गेल्या तासापेक्षा आकडा किती वाढला ते मोठ्याने म्हणायची. तो आकडा असायचा लहानसा, दहाच्या आसपास. कारण एवढी वीज सरळ मोजली तर मीटर जळून जाईल, म्हणून तो तिचा दोन हजारावा हिस्सा मोजायचा. मग टेबलाशी बसलेला तिचा जोडीदार त्याला दोन हजाराने गुणून खरा आकडा तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा, आणि मगच रजिस्टरमध्ये लिहायचा. लहान आकडा बाईचा, मोठा आकडा त्याचा. दुसरा आवाज आल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा तिथला कायदा. एकट्याने म्हटलेला आकडा हा आकडाच नव्हे.

जोडीदाराचं नाव पडलं होतं भोंगा. पाळी सुटल्याचा भोंगा वाजायच्या आधी हा "चला!" म्हणाला की लोक हात धुवायला लागत, असा त्याचा आवाज. बावीस वर्षांत मीटरबाईने दोन हजाराने गुणण्याचे कष्ट एकदाही घेतले नव्हते. भोंगा असताना घ्यायचे कशाला?

संध्याकाळी ती तरातरा भावाच्या घरी गेली. मामा अंगणात टॅक्सीची काच पुसत होता.

"ताई, डोक्यात राख घालून घेऊ नकोस," तिला बघताच तो म्हणाला. "मला काय भाचीचं वाईट करायचंय? गेल्या महिन्यात तीनदा दिवे गेले. साहेबांनी मला ऑफिसात बोलावून, समोर बसवून, चहा पाजून सगळं समजावलं. त्यांच्या गाड्या वीज खातात. आपण पेट्रोलवाले कुणाचं काय खातो?"

"आणि पेट्रोल काय झाडाला लागतं?"

"जमिनीतून येतं."

"जमिनीतून काळं चिकट तेल येतं, बाबा. ते ओत तुझ्या टाकीत, आणि बघ गाडी जागची हलते का. ते ओढायला पंप, ढवळायला मोटर, गार करायला पंखे, पुन्हा पुढे ढकलायला पंप. एकेक मोटर तुझ्या टॅक्सीएवढी! त्या काय साहेबांच्या चहावर फिरतात?"

मामाने फडकं पिळलं. "हे बघ ताई, साहेब शिकलेला माणूस आहे. तू मीटर वाचणारी बाई. तुला काय कळतंय त्यातलं?"

झालं. एवढंच बाकी होतं. मीटरबाई तडक मागे वळली, आणि तिला ओळखणाऱ्या कुणालाही तिथेच कळलं असतं की आता काही खरं नाही.

बुधवारी पाळीवर तिने भोंग्याला गाठलं. "भोंगेराव, उद्या सुनावणीत मी आकडा सांगणार. तुम्ही दुसरा आवाज द्यायचा."

भोंग्याने आधी दार लावून घेतलं. "बाई, वेड लागलंय का? रजिस्टरमधला आकडा बाहेर गेला तर दोघांना घरी बसवतील. तुमचं एक ठीक आहे, तुमचं स्वतःचं घर आहे. मी कंपनीच्या चाळीत राहतो. निवृत्तीला आठ महिने उरलेत. मला यात ओढू नका, पाया पडतो."

"रजिस्टरला मी हात लावत नाही. पण आपल्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी आहे ना? वीज कंपनीच्या माणसाला बाहेरूनच मीटर दिसावा म्हणून ठेवलेली?"

"आहे. मग?"

"खिडकी रस्त्यावर उघडते, आणि रस्ता कुणाच्या बापाचा नाही."

भोंगा रजिस्टर उघडून बसला. त्या तासाचा आकडा त्याने परत म्हटला तोही पुटपुटत, आणि मीटरबाईला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. भ्यायला तिलाही येत होतं की! तिची काय नोकरी नव्हती?

गुरुवारी तिने रजा टाकली. सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना ती रस्त्यावर, खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. आत समोरच्या भिंतीवर मीटर लखलखत होता. नऊच्या ठोक्याला तिने आकडा वहीत उतरवला. आत एक बदलीचा माणूस होता आणि टेबलाशी भोंगा. त्याने मान वर केली, दोघांची नजरानजर झाली आणि त्याने खुर्चीच फिरवून पाठ केली. ती तासभर तिथेच उभी राहिली. जाणारे-येणारे बघत होते, एकाने तर विचारलं, "मावशी, आत कोणी अडकलंय का?" दहाला तिने दुसरा आकडा उतरवला, वजाबाकी केली, दोनदा तपासली. दहा पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. वही पर्समध्ये घातली आणि पर्स पोटाशी धरून घरी गेली.

नगरपालिकेचं सभागृह चारला गच्च भरलं होतं. एका बाजूला पेट्रोलच्या टॅक्सीवाले, पुढे मामा, इस्त्रीचा शर्ट. दुसऱ्या बाजूला विजेच्या अकरा गाड्यांचे अकरा मालक, त्यात लेक. मागच्या रांगांत रिफायनरीची सुटलेली पाळी, तमाशा बघायला. भोंगाही होता, अगदी शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. वर अध्यक्षीणबाई, आणि त्यांच्या शेजारी लिहायला एक कारकून.

आधी साहेब बोलले. छान बोलले, दुष्मनालाही म्हणणं पटावं असं. शहराची वीज ही सगळ्यांची ठेव आहे, मूठभर गाड्यांनी ती अशी ओरपावी का, पेट्रोल बिचारं मुकाट टाकीत जातं, कुणाच्या घरचा दिवा घालवत नाही. टॅक्सीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मीटरबाई उठली. "मी रिफायनरीत मीटर वाचते," ती म्हणाली. "बावीस वर्षं. साहेब म्हणतात पेट्रोलला वीज लागत नाही. आज सकाळी नऊ ते दहा, एका तासात रिफायनरीने किती वीज घेतली, ते मी रस्त्यावर उभं राहून, खिडकीतून बघितलंय. कंपनीचा कागद नाही, माझी वही आहे." तिने वही उघडली, चष्मा नीट केला, छाती भरून श्वास घेतला आणि मीटरसमोर उभी असल्यासारखी खणखणीत म्हणाली, "दहा पूर्णांक अठ्ठ्याहत्तर!"

आणि थांबली. सवयीने थांबली. बावीस वर्षं ती लहान आकडा म्हणून इथेच थांबत आली होती.

सभागृहात एकच हशा पिकला. "अकरा युनिट? अहो, एवढी तर माझ्या बायकोची इस्त्री खाते!" कुणीतरी ओरडलं. "भाचीची गाडी रोज चाळीस पिते की!" मामा म्हणाला आणि तोही हसला, मात्र बहिणीकडे न बघता. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कारकुनाने लिहायला सुरुवात केली.

मीटरबाईला कळेचना काय झालं. मग कळलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. "नाही, नाही, थांबा! त्याला दोन हजाराने गुणायचं असतं! मीटर दोन हजारावा हिस्सा दाखवतो."

"आता दोन हजाराने?" साहेब मंद हसले. "पाच मिनिटांत आकडा दोन हजार पट फुगला. हे कुठे लिहिलेलं आहे, बाई? खिडकीतून दिसतं का?"

दिसत नव्हतं. ते लिहिलेलं होतं मीटरच्या कपाटात, आतल्या बाजूला, पितळी पट्टीवर. साहेबांना ते माहीत नव्हतं होय? रोजचा गुणलेला आकडा त्यांच्याच सहीने वर जायचा! माहीत असून हा माणूस तिच्याकडे बघून हसत होता, चारचौघांत तिला खोटं ठरवत होता, आणि वरून म्हणाला, "आमच्याकडे नियमच आहे, अध्यक्षीणबाई. दुसरा आवाज आल्याशिवाय आकडा धरत नाहीत. तुम्हीच विचारा यांना, आहे का दुसरा आवाज?"

"आहे का हो?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

मीटरबाईने मागे वळून बघितलं नाही. ओढू नका म्हणाला होता, तिला ओढायचं नव्हतं. पण खाली बसायलाही ती तयार नव्हती. हसा म्हणावं, किती हसायचंय ते. तिने वही पुन्हा डोळ्यांसमोर धरली आणि तोच आकडा, त्याच सुरात, आणखी मोठ्याने म्हटला.

"दहा पूर्णांक अठ्ठ्याहत्तर!"

"गुणिले दोन हजार!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. रिफायनरीतल्या चार-पाच जणांनी तर सवयीने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. खांबाआडून भोंगा उभा राहिला होता, पांढराफटक पडलेला, पण उभा.

"एकवीस हजार पाचशे साठ युनिट! सकाळी नऊ ते दहा. पाळीवर मीच होतो. पितळी पट्टी कपाटात आहे, कुणीही येऊन बघा. लिहा!"

कारकुनाने आधीचं खोडून लिहिलं. लिहिता लिहिता त्याच्याही तोंडून तो आकडा बाहेर पडला. आता कोणी हसत नव्हतं. साहेब तर नाहीच.

"विजेची एक टॅक्सी दिवसाला चाळीस युनिट घेते," मीटरबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज कुठेही अडत नव्हता. "हिच्या मामानेच सांगितलं आत्ता. अशा अकरा. रिफायनरी एका तासात घेते तेवढ्यात या अकरा गाड्या सात आठवडे पळतील. घ्या गुणून, माझ्यावर विश्वास ठेवू नका."

"पण आमचं पेट्रोल हजारो गाड्यांना जातं!" साहेब उसळले.

"जाऊ दे की! मी रिफायनरी बंद करा म्हटलं का? माझं पोट तिच्यावरच आहे. विजेच्या गाडीची बॅटरी बनवायलाही कुठेतरी काहीतरी जळत असणार, ते मला माहीत नाही म्हणून मी बोलत नाही. तुमच्या भट्ट्यांत काय जळतं तेही माझ्या मीटरवर येत नाही, तेही मी बोलत नाही. पण जे माझ्या डोळ्यांसमोरून जातं, ते जातच नाही म्हणाल तर ऐकून घेणार नाही. ही पोर घेते ती वीज सगळ्या गावाला दिसते, रस्त्यावर, खांबावर. तुमची भिंतीआडून जाते म्हणून ती नाहीच? तुम्ही पोटभर जेवायचं आणि घास मोजायचे हिचे?"

अध्यक्षीणबाईंनी कागद उचलून पुन्हा वाचला. पेट्रोलला विजेचा कणही लागत नाही, या ओळीवर त्यांनी काट मारली. मग थोडा विचार करून अख्ख्या कागदावरच मारली. "ज्या कारणासाठी खांब काढायचे ते कारणच खोटं निघालं. खांब राहतील. दिवे का जातात ते वीज कंपनीला विचारू, तुमच्या वापरासकट."

लेक उडी मारून आईच्या गळ्यात पडली. मामा मात्र इस्त्रीच्या शर्टात घामाने भिजून दारात उभा होता. "भर सभेत उघडं पाडलंस, ताई."

"तुला नाही रे. तुला चहा पाजणाऱ्याला," मीटरबाई म्हणाली आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

शुक्रवारी ती सकाळच्या पाळीवर गेली तर मीटरच्या खोलीत दिवसाढवळ्या अंधार. रस्त्याकडच्या खिडकीची काच बाहेरून काळ्या रंगाने रंगवून टाकली होती. रंग अजून ओला होता. टेबलावर दोन पत्रं ठेवलेली, एक तिच्या नावाचं, एक भोंग्याच्या. सोमवारी साहेबांसमोर हजर राहून खुलासा करावा.

"करू की खुलासा," भोंगा म्हणाला. पत्राची घडी त्याने नीट घातली. "खुलासा मोठ्याने करायचा ना, बाई?"

"तुम्हाला हळू कुठे येतो, भोंगेराव?"

दहाला पाच मिनिटं कमी असताना काचेवर कसलातरी आवाज यायला लागला. खर्र, खर्र. काळ्या रंगात एक बारीक पांढरी रेघ उमटली, मग तिच्या शेजारी दुसरी. मीटरबाई जवळ गेली. बाहेर एक हात ब्लेड चालवत होता, टॅक्सीच्या काचेवरचे जुने कागद खरवडायला वापरतात तसलं. रंग हाताएवढा निघाल्यावर त्यातून एक डोळा दिसला. तो डोळा तिने लहानपणापासून बघितलेला होता.

"ताई," मामा बाहेरून म्हणाला, "माझी चूक झाली ती झाली. दहा वाजतायत. आज किती, ते सांग."

त्याच्या मागे रस्त्यावर लेकीची पांढरी गाडी उभी होती, आणि तिच्या मागे आणखी पाच-सहा टॅक्स्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या. सगळ्यांनी काचा खाली केल्या होत्या.

मीटरबाई मीटरसमोर जाऊन उभी राहिली. दहाचा ठोका पडला. तिने आकडा वाचला आणि भिंतीपलीकडे जाईल एवढ्या जोराने म्हटला. भोंग्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच बाहेरून सात-आठ आवाज एकदम आले.

"गुणिले दोन हजार!"

भोंग्याने मान डोलावली आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहिला.